महिन्याला नऊ कामं

मार्चचा दुसरा आठवडा. लातुरात औसा रोडवरच्या एका घरात एसी धुण्याचं काम चाललंय. इनडोअर युनिटखाली प्लास्टिकची झोळी बांधलेली, झोळीचं तोंड बादलीत, मेकॅनिक स्टुलावर उभा आणि हातात जेटचा पाइप. खिशातला फोन वाजतो. ओल्या बोटांनी तो उचलला जात नाही, म्हणून हाताखालचा पोऱ्या फोन त्याच्या कानाला लावून धरतो. पलीकडचा आवाज स्वच्छ, घाईतला. "सर, तुमच्या एरियात एसी रिपेअर शोधणारे खूप कस्टमर आहेत, पण तुमचं नाव खाली राहतंय. आजच्या आज पॅकेज घेतलं तर वर आणून देतो. दिवसाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत, सर."

दिवसभर 'भैया' नाहीतर 'मामा' ऐकणाऱ्या माणसाला एका दमात दोनदा 'सर' ऐकू येतं. त्यातच अर्धं काम होऊन जातं. उरलेलं अर्धं 'दिवसाला शंभर' करतं.

मी छोट्या धंद्यांचे हिशेब बघतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येतो: पैसे भरून ऑनलाइन डिरेक्टरीत नाव लावावं का? प्लंबर, इलेक्ट्रिशियन, आरओवाले, पेस्ट कंट्रोलवाले, टाकी धुणारे, सगळे हेच विचारतात. उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघतं. ते का, हे समजायला आधी या यंत्राच्या आत काय आहे ते बघावं लागेल.

पूर्वी टेलिफोन खात्याची जाड डिरेक्टरी असायची. मग 1996 मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्टडायल सुरू केलं. फोन करायचा, 'अंधेरीत फ्रिज दुरुस्त करणारा हवाय' म्हणायचं, पलीकडून दोन-चार नंबर मिळायचे. शोधणाऱ्याला सेवा फुकट, पैसे देणार दुकानदार. फोनची जागा वेबसाइटनं आणि अॅपनं घेतली, कंपनी 2013 मध्ये शेअर बाजारात आली, 2021 मध्ये रिलायन्स रिटेल व्हेंचर्सनं 3,497 कोटी रुपयांना तिचा सुमारे 41 टक्के हिस्सा घेतला, पण मूळ व्यवहार तोच राहिला. सुलेखासारख्या इतर डिरेक्टऱ्याही याच तत्त्वावर चालतात: गिऱ्हाईक पैसे देत नाही, तुम्ही देता.

आता घरमालकाच्या बाजूनं बघू. लातुरातला एक जण मोबाइलवर 'एसी रिपेअर लातूर' असं टाकतो. डिरेक्टरीनं प्रत्येक शहरासाठी आणि प्रत्येक कामासाठी एक वेगळं पान बनवून ठेवलेलं असतं: लातूर-एसी, लातूर-प्लंबर, नांदेड-एसी, नांदेड-वाळवी. अशी हजारो पानं असल्यामुळे गूगलमध्ये तिचं पान बऱ्याचदा वर दिसतं. माणूस त्या पानावर जातो. यादीत वरची नावं सहसा पैसे भरलेल्यांची, फुकट नोंदवलेल्यांची खाली. तो एखाद्याला थेट फोन करतो, नाहीतर 'दर मिळवा' अशा बटणावर आपला नंबर टाकतो. इथून पुढं जे घडतं, ते विकणारा माणूस फोनवर सांगत नाही.

ही चौकशी, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'लीड', एकट्या तुमच्याकडे येत नाही. त्याच मिनिटाला ती त्या यादीतल्या आणखी काही जणांच्या फोनवर पडते. घरमालकानं नंबर टाकून फोन टेबलावर ठेवेपर्यंत पहिला मेकॅनिक बोलायला लागलेला असतो, त्याच्याशी बोलताना दुसऱ्याचा कॉल वेटिंगवर. तिसऱ्याला तो 'झालं हो काम' म्हणून टाकतो. चौथा दर पाडून सांगतो. तुम्ही स्टुलावर, हात ओले. वीस मिनिटांनी तुम्ही फोन लावता तेव्हा तुम्ही पाचवे असता.

म्हणजे पॅकेजचे पैसे भरून तुम्ही गिऱ्हाईक विकत घेत नाही, शर्यतीत उभं राहण्याची जागा घेता. शर्यत जिंकतो तो फोन लगेच उचलणारा. ज्याच्या दुकानात बायको, भाऊ किंवा पगारी मुलगी फोनवर बसलेली आहे, त्याला हे पॅकेज परवडू शकतं. ज्याच्याकडे फोन घेणाराही तोच आणि पाना फिरवणाराही तोच, त्याच्यासाठी तेच पॅकेज निम्म्या किमतीचं होऊन जातं.

आता हिशेब. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही घाला. पॅकेज महिन्याला 2,500 रुपये. जाहिरातीच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी, तो 450. झाले 2,950. विकणारा 'अडीच हजार' म्हणतो आणि 'प्लस टॅक्स' हे शब्द जरा खालच्या आवाजात येतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि आपले बहुतेक मेकॅनिक त्याच्या आतच असतात. नोंदणी नाही म्हणजे भरलेल्या कराची वजावटही नाही. ते 450 गेले ते गेले.

एका एसी सर्व्हिसिंगचे गिऱ्हाइकाकडून 600 रुपये मिळतात असं धरू. पेट्रोल, पोऱ्याची मजुरी आणि किरकोळ सामान मिळून 250 गेले. उरले 350. 2,950 ला 350 नं भागलं की आठच्या वर येतात, म्हणजे नऊ कामं. महिन्याला नऊ नवी कामं या डिरेक्टरीतून यायला हवीत, तेव्हा कुठं पॅकेजचा खर्च भरून निघतो. तुमच्या खिशात अजून फारसं काही आलेलं नाही. चार चौकशांमागे एक काम पक्कं होतं असं धरलं, तर छत्तीस चौकशा लागतात. रोज एकाहून जास्त. 'दिवसाला शंभर रुपये' ऐकताना हे डोक्यात येत नाही, कारण शंभर रुपये दिवसावर मोजलेले असतात आणि कामं महिन्यावर.

आता त्याच नऊ कामांत दोन गॅस भरायची निघाली, आणि गॅसच्या एका कामात 1,200 रुपये सुटतात असं धरलं, तर चित्र पालटतं. दोन गॅसची आणि दोन सर्व्हिसिंगची, चार कामांतच खर्च निघाला. म्हणून मी पहिला प्रश्न 'लीड किती आल्या' हा विचारत नाही. 'कसली कामं आली' हे विचारतो. नळाचा वायसर बदलायला बोलावणारं गिऱ्हाईक डिरेक्टरीतून आणणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कुणी मोजत नाही: हंगाम. करार वर्षाचा, पण आपल्याकडे एसीचा धंदा खरा मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. वर्षाचे 35,400 रुपये त्या तीन महिन्यांवर टाकले तर महिन्याला 11,800 होतात. फक्त सर्व्हिसिंगवर ते काढायचे तर महिन्याला चौतीस कामं. आणि एप्रिल-मेमध्ये तर चांगल्या मेकॅनिकला जुन्याच गिऱ्हाइकांना वेळ देता येत नाही. तेव्हा आलेली लीड त्याच्या काय कामाची? ऑगस्टमध्ये तो रिकामा असतो, तेव्हा लीड हवी असते, पण ऑगस्टमध्ये एसी कोण शोधतं? तुमच्या हाताला काम असतं तेव्हाच डिरेक्टरीलाही काम असतं. हा दोष कुणा कंपनीचा नाही, उन्हाळ्याचा आहे. पण पैसे बारा महिन्यांचे आपण भरतो.

मग फायदा कुणाचा होतो? त्यासाठी आपल्या गावांत नंबर शोधायला इंटरनेटवर जातं तरी कोण, हे बघायला हवं.

लातूरची पहिली डिरेक्टरी दगडी आहे. 1917 मध्ये आखलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि सोन्याचांदीपासून चपलांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंत प्रत्येक मालाचा बाजार आपापल्या रस्त्यावर बसतो. ज्या गावात 'ते कुठं मिळतं' याचं उत्तर रस्त्यावरच लिहिलेलं आहे, तिथला जुना माणूस प्लंबर शोधायला मोबाइल काढत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानात जातो. "मामा, कुणी चांगला पोरगा आहे का हो नळाचा?" दुकानदार नंबर देतो, आणि त्याचा नळ, त्याचीच तोटी विकली जाते. नांदेडला वजिराबादेत किंवा जुन्या गावात यापेक्षा वेगळं घडत नाही. या लोकांपर्यंत पोचायचं तर डिरेक्टरीला पैसे देण्यापेक्षा चार हार्डवेअरवाल्यांशी चहा घेणं स्वस्त.

नेटवर शोधतो तो गावात नवा आलेला. लातुरात ही माणसं दरवर्षी नव्यानं येतात. 'लातूर पॅटर्न'च्या आशेनं नीटची तयारी करायला लांबलांबची मुलं येतात, कित्येकदा आईसुद्धा सोबत येऊन ट्युशन एरियाच्या आसपास फ्लॅट भाड्यानं घेते. त्या बाईंना शेजारी कोण तेच ठाऊक नसतं, आरओवाला कुठून ठाऊक असणार? नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात बदलून आलेले, विष्णुपुरीला मेडिकल किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात रुजू झालेले, बँकेतले, हे सगळे 'निअर मी' टाकणारे. जून-जुलैत ही वर्दळ सर्वांत जास्त. या लोकांना विकता येण्यासारखं काम तुमच्याकडे असेल तर डिरेक्टरीचा विचार करायला जागा आहे.

आणि त्यांना काय हवं असतं, तर पाणी. 2016 च्या 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, ती सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. ती गेली, पण बोअरचं जड पाणी राहिलं. गिझर उघडला की कॉइलवर पांढरा थर बोटानं खरवडता येतो, आरओचा फिल्टर बघता बघता बसतो. आरओ हा एकदा करून विसरायचा धंदा नाही. एका गिऱ्हाइकाचा वर्षाचा मेंटेनन्स करार झाला आणि त्यात समजा 1,200 रुपये सुटले, तर तीन वर्षं टिकलेलं एक गिऱ्हाईक 3,600 देतं. म्हणजे असं एक गिऱ्हाईक मिळालं की त्या महिन्याचं पॅकेज फिटलं. एसी सर्व्हिसिंगला नऊ लागत होती.

पेस्ट कंट्रोलचंही असंच. वाळवी निघाली हे लोक शेजाऱ्याला सांगायला लाजतात, नेटवर गुपचूप शोधतात, आणि काम हजारांत जातं. घरसामान हलवणारे, सीसीटीव्ही बसवणारे याच रांगेतले: काम मोठं, गिऱ्हाईक अनोळखी, 'आपला नेहमीचा माणूस' असा कुणाकडे नसतोच. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांना मात्र मी सरळ नको म्हणतो.

नांदेडच्या लोकांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. डिरेक्टरीला नांदेड एक शहर दिसतं, पण मध्ये गोदावरी आहे. तरोडा नाक्यावरच्या मेकॅनिकला सिडको-हडकोची लीड आली की पूल ओलांडून जाणं आलं, आणि गर्दीच्या वेळी जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. पॅकेज घेताना 'पूर्ण शहर' घेऊ नये, आपल्या बाजूचे पिनकोड मागावेत. लातूरवाल्यांनी औशाची लीड वीस किलोमीटरवरची आहे हे आधीच मोजावं. 'नेटवर्क मोठं' याचा अर्थ पेट्रोलही मोठं.

पैसे भरण्याआधी एक फुकटचं काम करावं, आणि आश्चर्य म्हणजे तेच सर्वांत जास्त लोक टाळतात. गूगलवर आपल्या धंद्याचं प्रोफाइल काढायचं. दुकान नसलं तरी चालतं. घरोघरी जाऊन काम करणाऱ्याला आपला पत्ता लपवून नुसता सेवेचा परिसर दाखवता येतो. पडताळणीसाठी गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं: अवजारं, गाडी, पाटी दाखवून मोबाइलवर चित्रीकरण करायचं. नकाशात कोण वर दिसणार हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं आणि तसं उघड सांगतंही: शोधलेल्या शब्दाशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात, आणि तुमचं नाव किती ठळक आहे. तिसऱ्यात लोकांनी लिहिलेले अभिप्राय येतात. नकाशातली जाहिरात वेगळी असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं, बाकीच्या यादीतली जागा पैसे देऊन वर नेता येत नाही. तेव्हा 'गूगलमधून बोलतोय, पहिल्या नंबरला आणतो, प्रोफाइलची फी भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

अभिप्राय मागायची वेळ एकच: काम झालं, गार हवा लागली, ताई खूश आहेत, पैसे द्यायला मोबाइल हातातच आहे. "ताई, दोन ओळी लिहा ना आमच्यासाठी, मराठीत लिहिल्या तरी चालतंय." दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला तर कुणी लिहीत नाही.

आणि स्टिकर. बिघडलेल्या गिझरसमोर उभा असलेला माणूस सर्वांत आधी त्या गिझरकडेच बघतो. तिथं तुमचा नंबर असेल तर तो नेटवर जाणारच नाही. स्टिकर एसीला समोर लावला की घरवाले खरवडून काढतात, म्हणून तो बाजूला किंवा वरची जाळी उचलल्यावर दिसेल असा लावावा. सर्व्हिसिंगची तारीख बॉलपेननं टाकली तर सहा महिन्यांत उडते, मार्करनं टाकावी. स्टिकर छापायला एकदाच पैसे लागतात, आणि तो पुढची सर्व्हिसिंग तुमच्यासाठी राखून ठेवतो. 'एकमत' किंवा 'प्रजावाणी'त घालून वाटलेली पत्रकं ज्या दिवशी येतात त्याच दिवशी रद्दीत जातात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या कॉलनीत एकदा टाकायला हरकत नाही.

इतकं करूनही पॅकेज घ्यायचंच असेल तर वर्षाचं घेऊ नये. तीन महिन्यांचं मागावं, देत नाहीत असं म्हटलं तरी मागावं. घेतल्या दिवसापासून शंभरपानी वहीत चार रकाने आखावेत: तारीख, नंबर कुठून मिळाला, कसलं काम, हातात काय उरलं. दुसरा रकाना भरायला प्रत्येकाला विचारावं लागतं, "आमचा नंबर कुणी दिला?" डिरेक्टरी तुम्हाला आलेल्या लीड मोजून दाखवते, पण मिळालेलं काम तुम्हालाच मोजावं लागतं. मी बघितलेल्या वह्यांत एक गंमत नेहमी दिसते: डिरेक्टरीतून आलं असं वाटलेलं गिऱ्हाईक विचारल्यावर निघतं बहिणीच्या शेजारणीकडून आलेलं, नंबर तेवढा त्यांनी नेटवर बघितलेला. असं काम डिरेक्टरीच्या खात्यावर धरू नये.

करार वाचावा हे सगळेच सांगतात, वाचत कुणीच नाही. निदान तीन ओळी शोधाव्यात. लीड किती मिळतील याची हमी लिहिली आहे का? फोनवर दिलेली हमी कागदावर सहसा नसते. मध्येच बंद करायचं तर किती दिवस आधी आणि कशानं कळवायचं, ईमेल की अॅप? आणि हप्ता बँकेतून आपोआप कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, किती वर्षांची आहे? पॅकेज एक वर्षाचं आणि मँडेट त्याहून लांबचं असेल तर सही करताना ते दुरुस्त करून घ्यावं. बंद करताना कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि यूपीआयचं ऑटोपे असेल तर ते अॅपमधून, बँकेचं मँडेट असेल तर बँकेत अर्ज देऊन रद्द करावं. नुसतं खात्यात पैसे ठेवायचे नाहीत असं करू नये, हप्ता परत गेला की बँक दंड लावते.

फसवणूक झाली तर 'धंद्यासाठी घेतलेली सेवा, ग्राहक कोर्टात चालत नाही' असं ऐकवलं जातं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगार करून पोट भरणाऱ्यानं त्याच कामासाठी घेतलेल्या वस्तू व्यापारी हेतूतून स्पष्ट वगळल्या आहेत, सेवेचा मात्र तिथं तसा उल्लेख नाही, म्हणून हा मुद्दा वादाचा होऊ शकतो. तरी तक्रार करून बघावी, ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा आयोग आहे. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

नंबर जगजाहीर झाला की चोरही फोन करतात. "मी मिलिटरीतून बोलतोय, क्वार्टरमधले आठ एसी करायचेत, अॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. आठ एसीचं काम दिसलं की शहाणा माणूसही क्षणभर हे विसरतो. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत 1930 ला फोन.

मार्चमध्ये 'बघू' म्हटलेल्याला पुढचा फोन जूनमध्ये येतो. आवाज दुसरा असतो, दर पाचशेनं उतरलेला असतो, आणि 'आजच्या आज' तेवढं तसंच असतं.